कोपराएवढं टेबल

ऑपरेशन थिएटरमधलं टेबल किती उंच ठेवायचं, याचा एक कायदा असतो. तो कुठल्या भिंतीवर लावलेला नसतो आणि कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मुख्य सर्जन जो असेल, त्याच्या कोपराला टेबल. बाकीच्यांनी आपापली सोय बघायची. उंच असेल त्याने वाकायचं, बुटका असेल त्याने स्टूल घ्यायचं, आणि पाठ दुखली तर घरी जाऊन शेकत बसायचं. ही गोष्ट त्या टेबलाची, आणि त्याच्यापुढे उभं राहायला जिला स्टूल लागायचं त्या बाईची. आपण ती मामांच्या बाजूने बघू, कारण सगळ्यात जवळून बघणारे तेच.

दवाखान्यातला प्रत्येक पुरुष कर्मचारी मामा आणि प्रत्येक बाई मावशी, हे जगजाहीर आहे. पण तिथे नुसतं 'मामा' म्हटलं की थिएटरचे मामाच. पेशंट आत घ्यायचा, दिवे फिरवायचे, टेबल पुसायचं, पायाने पंप मारून ते वर-खाली करायचं, ही त्यांची कामं. खरं तर यातलं शेवटचं काम मामांनी कित्येक वर्षं केलंच नव्हतं. विभागाचे मुख्य, म्हणजे मोठे साहेब, ताडमाड उंच. त्यांच्या कोपराला टेबल म्हणजे बाकीच्यांच्या छातीला. साहेबांनी ते एकदा वर घेतलं ते घेतलंच. पुढे पंपाला गंज चढला, आणि तेव्हापासून टेबल म्हणजे तेवढंच उंच असतं असं सगळे धरून चालले.

अशा थिएटरात एके सकाळी मॅडम आल्या. अंगाने इतक्या लहानखुऱ्या, की मामांनी त्यांना दारातच अडवलं. "ताई, नातेवाइकांनी बाहेर बसायचं."

"मी इथली नवीन सर्जन आहे मामा," त्या म्हणाल्या. "एखादं स्टूल मिळेल का?"

मोठ्या साहेबांनी स्टूलवर चढलेल्या मॅडमना बघून विचारलं, "काय डॉक्टर, घरी जेवायला घालतात की नाही?" सगळे हसले. मॅडमही हसल्या, कारण पहिल्याच दिवशी न हसून करतील काय. मामा तर पोट धरधरून हसले. मग त्यांनीच संध्याकाळी नव्या दिव्यांच्या खोक्याच्या फळ्या काढून एक न डुगडुगणारं स्टूल ठोकून दिलं. माणूस वाईट नव्हता. हसायचं तेव्हा हसायचा आणि करायचं ते करायचाही.

आता त्या स्टूलने एक नवीच पंचाईत केली. ऑपरेशन करताना बारीक रक्तवाहिन्या विजेच्या चटक्याने बंद करतात. त्या यंत्राला कॉटरी म्हणतात, आणि त्याचं बटण सर्जनच्या पायाखाली असतं. मॅडमचे पाय तर स्टूलवर, आणि पेडल खाली जमिनीवर. स्टूलवर ठेवून पाहिलं तर ते घसरून धाडकन खाली पडलं आणि सिस्टरच्या पायाचा अंगठा सुजला. शेवटी मामाच स्टूलशेजारी उकिडवे बसले. वरून आवाज यायचा, "मामा, दाबा." मामा हाताने पेडल दाबायचे. "सोडा." सोडायचे.

सुरुवातीला मामांना याची लाज वाटली. बाईमाणसाच्या पायाशी बसायचं म्हणजे काय. चहाच्या टपरीवर बाकीच्या मामांनी यथेच्छ चिडवून घेतलं. पण तिथे बसल्या बसल्या मामांना जे दिसलं, ते वर उभ्या असलेल्या एकालाही दिसत नव्हतं. हिरव्या कापडांच्या आत काय चाललंय ते त्यांना कळायचं नाही. त्यांच्यासमोर फक्त मॅडमचे पाय, पांढऱ्या रबरी सपातांमधले.

आणि ते पाय बोलायचे. काम सुरळीत असलं की डाव्या पायाचा अंगठा हळूच उजव्या पावलावर येऊन टेकायचा, शाळेत फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीसारखा. काही अवघड आलं की दोन्ही टाचा वर. आणि अगदी जिवावरचं काही आलं, की पाय स्थिर. दोन्ही पावलं सपाट टेकलेली, बोटसुद्धा हलत नसे. वर मात्र मॅडमचा आवाज आधी होता तसाच असायचा. "चिमटा. पुसा. मामा, दाबा." आवाजावरून पाखरालाही पत्ता लागायचा नाही.

एकदा अपघातातला एक माणूस आला. पोटात नुसतं रक्त. मोठ्या साहेबांनी बराच वेळ झगडून हात बाहेर काढले आणि म्हणाले, "संपलं." मॅडमनी हात काढला नाही. कुठल्याशा रक्तवाहिनीवर त्यांचं बोट होतं, ते तिथेच राहिलं. मामा खाली बसून बघत होते. पाय इतके स्थिर, की मामांनी स्वतःचा श्वास रोखून धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, गुडघे बधिर झाले. आणि मग डावा अंगठा सावकाश हलला आणि उजव्या पावलावर येऊन टेकला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस पुढे स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला, आणि जाताना मोठ्या साहेबांचे पाय धरून गेला. चालायचंच.

घरी येऊन मामांनी बायकोला सगळं सांगितलं. मामांची बायको म्हणून दवाखान्यात सगळे तिला मामीच म्हणायचे. "बाई म्हणायचं नाही हिला," मामा म्हणाले. "बाप्या आहे, बाप्या."

मामी भांडी विसळत होत्या. "बाप्यानं तर हात काढून घेतला होता ना?" त्या म्हणाल्या. मामांनी जेवायला वाढायला सांगितलं.

मॅडमची आणखी एक रीत होती, आणि तिने दवाखान्यात बरीच बोंबाबोंब झाली होती. तपासणीच्या दिवशी बायका नवऱ्याबरोबर यायच्या. मॅडम बाईला विचारायच्या, "काय होतंय?" आणि उत्तर नवरा द्यायचा. "काही नाही, पित्त आहे हिला. उन्हात फिरते. खात नाही नीट." बाई गप्प. मग मॅडम गोड आवाजात म्हणायच्या, "तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या." नवरा कुरकुरत बाहेर, दार बंद, आणि मग आत बोलणं सुरू. मोठ्या साहेबांना हे पटायचं नाही. रांग लांबते, म्हणायचे. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या नवऱ्याला चहाला पाठवायच्या. पुढेपुढे मॅडमचं बघून शिकाऊ डॉक्टरही तसंच करायला लागले, मुलगेसुद्धा. त्या दिवशी दाराशी मामांची ड्यूटी असायची. बाकावर ओळीने बसलेले नवरे बघून त्यांना भारी मजा वाटायची. "बसा, बसा," ते म्हणायचे. "तुमची गाऱ्हाणी चाललीत आत."

यथावकाश मोठे साहेब निवृत्त झाले. मुख्य कोण, यावर वर बरीच खलबतं झाली. मॅडमहून धाकटे पण मॅडमहून पुष्कळ उंच असे एक सर्जन होते, त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. त्यांचं नाव पुढे आलं. हात चांगला, स्वभाव दिलदार, गोल्फ का काय तेही खेळायचे. पण कामाने आणि वर्षांनी मॅडम इतक्या पुढे होत्या, की नाही म्हणायला कुणाला कारण सापडेना. हुकूम निघाला. मॅडम मुख्य झाल्या.

दुसऱ्या दिवशी मामा तेलाची बाटली घेऊन टेबलाशी बसले. मुख्य बदलला, टेबल बदलायला हवं. साधा हिशेब होता. तेवढ्यात धाकटे साहेब आले. "मामा, उगाच आमच्या कंबरा मोडू नका. मॅडमना स्टूलची सवय आहे." मामांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम हात धूत होत्या.

"राहू द्या मामा," त्या म्हणाल्या. "सवय झालीय."

मामांना ते आवडलं नाही. पण मॅडम म्हणाल्या म्हणजे संपलं. ते स्टूलशेजारी उकिडवे बसले आणि कामाला लागले.

त्याच सुमाराला मामींचं पोट मोठं दिसायला लागलं. मामा म्हणाले, "बसून बसून सुटलीस." मामी म्हणाल्या, "जेवलं की जीव कासावीस होतो." मामांनी वॉर्डातून पित्ताच्या गुलाबी गोळ्या आणून दिल्या. पुढे मामी जिना चढताना मध्येच बसायला लागल्या. मामांनी आणखी गोळ्या आणल्या. शेवटी शेजारीण म्हणाली, "अहो, तोंड बघा तिचं," तेव्हा मामांनी बायकोला मॅडमच्या दारात नेऊन उभं केलं.

"काय होतंय मामी?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, पित्त आहे हिला," मामा म्हणाले. "खात नाही नीट."

मॅडमनी मान वर केली. मामांचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. "मामा," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर."

चहाचं नावसुद्धा काढलं नाही. मामा बाहेर येऊन बाकावर बसले, इतर नवऱ्यांच्या ओळीत. शेजारच्याने सरकून जागा दिली. जन्मात इतकं ओशाळं वाटलं नव्हतं. दार बंद होतं आणि ते काही केल्या उघडेना. इतकी वर्षं एका घरात राहून हिला एवढं बोलायचं होतं तरी काय, हे मामांना कळेना.

आत बोलावलं तेव्हा मामी खुर्चीत शांत बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "पोटात गाठ आहे मामा. मोठी आहे, आणि मला वाटतं आतड्याला चिकटलीय. काढायला हवी, लवकर. सोपं नाही ते, मी खोटं सांगत नाही. मामी वर्षभर सांगतायत."

"मला कधी बोलली नाही," मामा म्हणाले.

"बोलले," मामी म्हणाल्या. "तुम्ही गोळी आणून दिलीत." आवाजात राग नव्हता. असता तर मामांना बरं वाटलं असतं.

ऑपरेशन कोण करणार हा प्रश्न निघाला. मॅडमनीच काढला. म्हणाल्या, "मामा, तुम्ही घरचे. तुम्हाला आत थांबता येणार नाही. पेडलला दुसरं कुणी बसेल, त्याचा आणि माझा मेळ नाही. जरा मागेपुढे झालं तर आतड्याला चटका बसेल. धाकट्या साहेबांचा हात चांगला आहे. त्यांना उंची आहे, पेडल त्यांच्याच पायाखाली राहील. त्यांनी केलं तर तुमची हरकत?"

मामांच्या मनात आलं, असेल तसं. उंच माणूस, पेडल पायाखाली. आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी आणखी एक आवाज होता: शेवटी पुरुष आहे. त्या पायांशी अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात हे आलं. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही, घरचं माणूस टेबलावर चढायचं असलं की जुनं सगळं वर येतं. मामांनी तोंड उघडलं.

"मला विचाराल का?" मामी म्हणाल्या. दोघांनी वळून बघितलं. "पोट माझं आहे. वर्षभरात कुणी विचारलं नाही ते मॅडमनी विचारलं. त्यांनीच करावं. पेडलचं काय करायचं ते तुम्ही दोघं बघा."

बाहेर व्हरांड्यात मामा मॅडमच्या मागे गेले. "टेबल खाली का घेत नाही मॅडम? तेवढं केलं तर पेडल तुमच्या पायाखाली."

मॅडम थांबल्या. मग कधी नव्हे ते मनातलं बोलल्या. "इतकी वर्षं त्याच उंचीवर उभी राहिले मामा. आता खाली घेतलं तर म्हणतील, बाईला झेपेना. खुर्ची मिळाली आणि लगेच सवलत मागितली."

"सवलत कसली?" मामा म्हणाले. त्यांना राग आला होता, स्वतःचा, टेबलाचा, सगळ्यांचाच. "मुख्य जो, त्याच्या कोपराला टेबल. मोठ्या साहेबांनी वर घेतलं, त्याला कुणी सवलत म्हटलं नाही."

मॅडम वॉर्डाकडे निघून गेल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मामा सगळ्यांच्या आधी थिएटरात गेले. पंपाला तेल घातलं, लाथा घातल्या, दोन-चार शिव्याही घातल्या. टेबल कण्हलं, अडलं, आणि मग हळूहळू खाली यायला लागलं. मॅडमच्या कोपराची उंची मामांना मोजावी लागली नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं ते स्टूल उचललं आणि बाहेर सामानाच्या खोलीत नेऊन ठेवलं.

मामींना त्यांनीच ढकलगाडीवरून आत नेलं. धाकटे साहेब आधीच येऊन उभे होते. "हे काय?" ते म्हणाले. "टेबल कुणी खाली केलं? मी काय गुडघ्यांवर बसू?"

मॅडम आत आल्या. धुतलेल्या हातांचं पाणी कोपरांवरून गळत होतं. त्यांनी टेबलाकडे बघितलं. स्टूल होतं तिथली रिकामी जागा बघितली. सिस्टर बघत होत्या, साहेब बघत होते. आता त्या 'राहू द्या' म्हणतात की काय, म्हणून मामा दारातच खिळले.

"बरोबर आहे उंची," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही पाय फाकवून उभे राहा, म्हणजे कंबर धरणार नाही. पेडल इकडे द्या. मामा, नातेवाइकांनी बाहेर बसायचं."

मामा बाहेर आले. दार झुललं आणि बंद झालं. बाकावर बसवेना, म्हणून ते दाराशीच सवयीने उकिडवे बसले. आणि बसल्यावर त्यांना दिसलं, की जुन्या झुलत्या दाराखाली चांगली फट आहे. इतकी वर्षं आतल्या बाजूला बसणाऱ्याला ती कशाला दिसेल?

फटीतून पाय दिसत होते. सिस्टरचे, ज्यांच्या अंगठ्यावर एकदा पेडल पडलं होतं. धाकट्या साहेबांचे, दोन्हीकडे लांब फाकलेले, बिचारे. आणि मधोमध मॅडमचे, जमिनीवर. उजवा पाय लागेल तेव्हा पेडलवर जात होता. त्या किती हलकं दाबत होत्या. इतकी वर्षं आपण उगाच जोर लावत होतो की काय, असं मामांना वाटून गेलं.

मग टाचा वर गेल्या. बराच वेळ वर राहिल्या. मग खाली टेकल्या आणि पाय स्थिर झाले. दोन्ही पावलं सपाट, बोट हलेना. मामांना त्याचा अर्थ माहीत होता, आणि तो माहीत नसता तर किती बरं झालं असतं. आत टेबलावर त्यांची बायको होती. 'दाबा' म्हणायला कुणी नव्हतं आणि दाबायला पेडल नव्हतं. हात नुसते गुडघ्यांवर होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं, की त्या बाकावर बसलेल्या नवऱ्यांच्या पोटात काय होत असेल. वर्षभराच्या गुलाबी गोळ्या त्यांना एकेक करून आठवल्या. तिने प्रत्येक वेळी त्या निमूट गिळल्या होत्या.

पाय हलेनात. धाकट्या साहेबांचे पाय चुळबुळत होते, सिस्टर दोनदा बाजूला जाऊन आल्या, पण ते दोन लहानसे पाय जमिनीत रोवल्यासारखे. एवढीशी बाई, आणि आत सगळ्यांचा भार तिच्यावर, आणि तिने तो पेलला होता. मामांना एकदम वाटलं, आपण जन्मभर मोठं माणूस बघायला मान वर करत राहिलो, आणि ते असं पायांशी दिसायचं होतं.

आणि मग डावा पाय सैल झाला. अंगठा उचलला गेला, सावकाश, आणि उजव्या पावलावर येऊन टेकला.

मामा तिथेच भिंतीला टेकून हुंदके देऊन रडले. येणाऱ्या-जाणाऱ्या मावश्यांना वाटलं, मामी गेल्या. त्यांनी धीर द्यायला सुरुवात केली, तर हा माणूस रडता रडता हसतोय. "अंगठा टेकला," एवढंच म्हणायला लागला. मावश्या घाबरून पाणी आणायला पळाल्या.

आतड्याचा थोडा तुकडा काढावा लागला होता, पण गाठ आख्खी निघाली. पुढे तपासणीतही ती साधीच निघाली. धाकटे साहेब कंबरेवर हात ठेवून बाहेर आले. "मामा, मोडलो मी. पण काय सोडवलीय ती गाठ. मी असतो तर अर्धी आतच ठेवली असती." खरं बोलायला मन लागतं, ते त्यांच्याकडे होतं. मग त्यांनी विचारलं, "उद्या टेबल वर घ्याल ना?"

"सवय होते साहेब," मामा म्हणाले.

चार दिवसांनी मॅडम वॉर्डात फेरीला आल्या. मामी उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण डोळ्यांत जीव आलेला. मामा शेजारच्या स्टूलवर होते.

"काय मामी, कसं आहे?" मॅडमनी विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. 'झोप लागत नाही हिला' एवढं जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, उठले आणि दाराकडे निघाले.

"कुठे निघालात मामा?" मॅडम म्हणाल्या.

"चहाला," मामा म्हणाले. "तुम्ही दोघी बोला."

"अहो," मामींनी हाक मारली. मामा वळले. मामींनी शेजारच्या स्टूलकडे बोट दाखवलं. "बसा. आता तुमच्यासमोर सांगते."

मामा येऊन बसले. मामी बोलायला लागल्या, पहिल्यापासून, आणि मामांनी शेवटपर्यंत ऐकलं.